सोन्यासाठी मेटल डिटेक्टर घ्यायचाय? आधी जमीन बघा, मग मशीन

सोन्यासाठी सगळ्यात चांगला मेटल डिटेक्टर कोणता, असं कुणी विचारलं की मी आधी दोन प्रश्न विचारतो. शोधणार कुठे? आणि केवढं सोनं शोधणार? याची उत्तरं मिळाल्याशिवाय मॉडेलचं नाव सांगण्यात अर्थ नसतो. लोहयुक्त लाल मातीतून अर्ध्या ग्रॅमचा सोन्याचा कण काढणं हे एक काम. समुद्राच्या ओल्या वाळूतून कुणाच्या बोटातून निसटलेली अंगठी काढणं हे अगदी वेगळं काम. एका कामात तरबेज असलेलं मशीन दुसऱ्या कामात बऱ्याचदा निरुपयोगी ठरतं. नवीन माणूस जाहिरात बघून किंवा किंमत बघून मशीन घेतो आणि महिन्याभरात ते माळ्यावर जातं. तुमच्या बाबतीत तसं होऊ नये म्हणून मी ज्या क्रमाने विचार करतो, तोच क्रम इथे मांडतोय.

## १. आधी ठरवा: खाणीचं सोनं की हरवलेलं सोनं

निसर्गातल्या, म्हणजे खाणीच्या सोन्याबद्दल एक गोष्ट सुरुवातीलाच समजून घ्या. डिटेक्टरला सोन्याचा तुकडा कळतो, सोन्याची पूड कळत नाही. नदीच्या वाळूत पिठासारखं बारीक सोनं भरपूर असलं, तरी एकेक कण इतका छोटा असतो की मशीनपर्यंत काही पोचत नाही. गारगोटीच्या दगडात सूक्ष्म स्वरूपात विखुरलेल्या सोन्याचंही तेच. तुमच्या भागात फक्त असं बारीक सोनं मिळत असेल, तर डिटेक्टरचा नाद सोडा आणि पॅन घ्या, म्हणजे पाण्यात वाळू धुऊन सोनं वेगळं करायचं पसरट ताट. काम होईल आणि पैसेही वाचतील. जिथे पूर्वी डोळ्यांना दिसतील एवढे सोन्याचे खडे सापडल्याची नोंद आहे, तिथेच डिटेक्टरचा उपयोग.

दागिन्यांचा शोध म्हणजे माणसं जमतात त्या जागा: समुद्रकिनारे, तळ्याकाठच्या पोहण्याच्या जागा, मैदानं, हिरवळी. इथे जमीन सहसा सोपी असते, पण कचरा प्रचंड असतो.

दोन्ही करायचं असेल तर तडजोडीचं मशीन मिळतं, त्याबद्दल पुढे येईलच. पण अगदी नवीन असाल तर सुरुवात दागिन्यांपासून करा, असंच मी सांगेन. सोन्याच्या पट्ट्यात दिवसभर फिरून एकही खरा सिग्नल न मिळणं नेहमीचं आहे. किनाऱ्यावर मात्र तासाभरात नाणी, कड्या, खिळे, झाकणं असं काही ना काही निघत राहतं, आणि कान तयार होतो तो त्यातूनच.

## २. जमिनीची परीक्षा घ्या

मशीन घेण्याआधी एक मजबूत चुंबक घ्या, प्लास्टिकच्या पिशवीत घाला आणि जिथे शोधणार आहात तिथल्या मातीतून फिरवा. पिशवीला थोडीशी धूळ चिकटली तर जमीन सौम्य आहे. काळ्या कणांची दाट दाढी लोंबायला लागली, तर जमिनीत मॅग्नेटाइट किंवा तत्सम लोहखनिज भरपूर आहे. ही काळी वाळू आणि सोनं बऱ्याचदा एकत्रच सापडतात, कारण दोन्ही जड. मॅग्नेटाइटची घनता पाचाच्या थोडी वर, शुद्ध सोन्याची १९.३. पाणी हलकी वाळू वाहून नेतं आणि जड गोष्टी मागे ठेवतं. म्हणजे जिथे सोनं असण्याची शक्यता जास्त, नेमकी तिथेच जमीन डिटेक्टरला सर्वात जास्त त्रास देते.

दुसरा त्रास खाऱ्या पाण्याचा. मीठ मिसळलेलं पाणी वीज वाहून नेतं, त्यामुळे ओली समुद्री वाळू मशीनला एखाद्या भल्यामोठ्या, कमी वाहक धातूसारखी भासते. पातळ सोन्याच्या साखळीचा सिग्नलही याच पट्ट्यात येतो. मशीनने मिठाचा आवाज दाबला की नाजूक सोन्याचा आवाजही त्याबरोबर दबतो. खाऱ्या ओल्या वाळूत बारीक साखळ्या सहज का मिळत नाहीत, त्याचं कारण हेच, आणि कितीही महाग मशीन घेतलं तरी ही अडचण पूर्ण सुटत नाही. कोरडी वाळू आणि गोडं पाणी यांत हा प्रश्न येत नाही.

तिसरी गोष्ट, विजेच्या तारा. उच्चदाबाच्या वाहिनीखाली किंवा दाट वस्तीत संवेदनशील मशीन सतत बडबडत राहतं. अशा जागी फ्रिक्वेन्सी बदलण्याची सोय असलेलं मशीन उपयोगी पडतं.

## ३. तंत्रज्ञान निवडा: तीन पर्याय

एका फ्रिक्वेन्सीचं व्हीएलएफ (व्हेरी लो फ्रिक्वेन्सी). मशीनच्या टोकाला असलेल्या तारेच्या चकतीतून, म्हणजे कॉइलमधून, सतत एका फ्रिक्वेन्सीचं चुंबकीय क्षेत्र सोडलं जातं. त्यामुळे धातूत भोवऱ्यासारखे फिरणारे छोटे विद्युतप्रवाह तयार होतात आणि त्यांचा प्रतिसाद मशीन ऐकतं. वजनाला हलकं, बॅटरी कमी खातं, लोखंड आणि इतर धातू यांत बऱ्यापैकी फरक करतं. सौम्य ते मध्यम जमिनीत उत्तम. अति लोहयुक्त जमिनीत खोली घटते, खाऱ्या ओल्या वाळूत गोंधळतं.

एकाच वेळी अनेक फ्रिक्वेन्सी. मायनलॅब इक्विनॉक्स, नोक्ता लेजंड, एक्सपी डीयूस २ ही या वर्गातली परिचित नावं. अनेक फ्रिक्वेन्सींचे प्रतिसाद एकत्र तपासून ही मशिनं मिठाचा आणि जमिनीचा परिणाम बराचसा वेगळा काढतात. दागिन्यांसाठी, विशेषतः समुद्रकिनाऱ्यासाठी, माझी पहिली शिफारस याच वर्गाची. यातल्या काहींमध्ये खास गोल्ड मोड असतो, आणि ज्याला दोन्ही कामं करायची आहेत त्याच्यासाठी तीच ती तडजोड. पण नीट बघा, एकाच मालिकेतल्या स्वस्त मॉडेलमध्ये तो मोड काढून टाकलेला असू शकतो. इक्विनॉक्स ८०० मध्ये तो आहे, ६०० मध्ये नाही.

पल्स इंडक्शन, म्हणजे पीआय. हे मशीन क्षणभराचा जोरदार झटका देऊन थांबतं आणि धातूतला प्रवाह किती वेगाने विझतो ते मोजतं. लोहयुक्त जमीन आणि मीठ यांचा त्याला फारसा त्रास होत नाही, आणि मोठा खडा खोल असला तरी सापडतो. ऑस्ट्रेलियातल्या व्हिक्टोरिया राज्याच्या सुवर्णक्षेत्रासारख्या कठीण जमिनीत हौशी लोकांच्या हातात मायनलॅबची जीपीएक्स मालिका दिसते ती यासाठीच. उणीव अशी की लोखंड ओळखण्याची क्षमता तोकडी. खिळाही वाजतो, सोनंही वाजतं, आणि दोन्ही खणावं लागतं. त्यामुळे कचऱ्याने भरलेल्या बागेत पीआय घेऊन जाऊ नका. शिवाय ही मशिनं महाग असतात आणि काही खूप जड. मायनलॅब जीपीझेड ७००० हे पीआयच्याही पुढच्या तंत्राचं, सोन्यासाठीच बनवलेलं मशीन तीन किलोच्या वर जातं.

## ४. फ्रिक्वेन्सीचा आकडा वाचायला शिका

लहान किंवा पातळ सोन्यात निर्माण झालेला प्रवाह फार लवकर विझतो. तो पकडायला वेगाने बदलणारं क्षेत्र लागतं, म्हणजे जास्त किलोहर्ट्झ (क्षेत्र सेकंदाला किती हजार वेळा बदलतं तो आकडा). मोठ्या, जाड आणि चांगल्या वाहक वस्तूंना, उदाहरणार्थ चांदीच्या नाण्यांना, कमी फ्रिक्वेन्सी मानवते.

- साधारण ५ ते १० किलोहर्ट्झ: नाणी, चांदी, मोठ्या वस्तू. बारीक सोन्यासाठी घेऊ नका.
- १३ ते २० किलोहर्ट्झ: अंगठ्या, मध्यम दागिने, थोडे मोठे खडे. गॅरेट एटी प्रो १५ वर चालतं, एटी गोल्ड १८ वर.
- ४० च्या पुढे: निसर्गातले बारीक कण. मायनलॅब गोल्ड मॉन्स्टर १००० हे ४५ वर, नोक्ता गोल्ड क्रूझर ६१ वर, फिशर गोल्ड बग २ हे ७१ वर.

४० च्या पुढची मशिनं ग्रॅमच्या दहाव्या भागाहून हलका कणही सांगतात, पण तो वरच्या काही सेंटिमीटरांतच असावा लागतो. हीच मशिनं लोहयुक्त जमिनीवर आणि उष्ण दगडांवर जास्त तक्रार करतात. उष्ण दगड म्हणजे तापलेला दगड नव्हे. आजूबाजूच्या मातीपेक्षा वेगळ्या खनिजांचा दगड धातूसारखा आवाज देतो, त्याला जाणकार असं म्हणतात. तो उचलून बाजूला केला आणि आवाज त्याच्याबरोबर गेला, की खात्री पटते.

## ५. आकड्यांवर आणि डिस्क्रिमिनेशनवर (नको त्या धातूंचा आवाज गाळण्यावर) विसंबू नका

सोनं सर्वात जास्त सुटतं ते या ठिकाणी, म्हणून जरा सविस्तर सांगतो.

बहुतेक मशिनं पडद्यावर एक आकडा दाखवतात, ज्याला टार्गेट आयडी म्हणतात. नवीन माणसाला वाटतं, सोन्याचा एक ठरलेला आकडा असेल. तो नसतो. हा आकडा धातूची वाहकता, वस्तूचा आकार, जाडी आणि ती जमिनीत कशी पडली आहे या सगळ्यातून ठरतो. शुद्ध सोन्याची वाहकता तांब्याच्या सुमारे ७० टक्के आहे, म्हणजे ते उत्तम वाहक. पण दागिन्यासाठी त्यात दुसरे धातू मिसळले की वाहकता झपाट्याने कोसळते. २२ कॅरेटमध्ये ९१.६ टक्के सोनं, १८ मध्ये ७५ टक्के, १४ मध्ये ५८.५ टक्के. त्यामुळे १४ कॅरेटची नाजूक अंगठी ॲल्युमिनियम फॉइलच्या चुरगळ्याएवढा आकडा देते, मधली अंगठी थंड पेयाच्या डब्याच्या कडीएवढा, आणि जाडजूड पुरुषी अंगठी त्याहून वर. डब्याच्या कड्या नकोत म्हणून तो पट्टा बंद केलात, तर तिथल्या सगळ्या अंगठ्याही बंद केल्यात.

अंगठीच्या बाबतीत आणखी एक बारकावा. बंद वर्तुळात प्रवाह मोकळा फिरतो, म्हणून अखंड अंगठी खणखणीत वाजते. तीच अंगठी तुटून फट पडली की सिग्नल एकदम मरगळतो. साखळीचं तर याहून कठीण. कड्या एकमेकींना फक्त टेकलेल्या असतात, त्यामुळे मशीनला अख्खी साखळी न दिसता सुटी कडी दिसते. बऱ्याचदा साखळी सापडते ती तिच्या फाशामुळे किंवा पदकामुळे.

म्हणून मशीन घेताना आकडा किती नेमका दाखवतं यापेक्षा आवाज किती बोलका आहे ते बघा. सोन्याच्या मशिनात थ्रेशोल्ड नावाची बारीक, अखंड गुणगुण ठेवता येते. खोलातला किंवा फार छोटा कण स्पष्ट वाजत नाही, ती गुणगुण जराशी वर येते किंवा तुटते एवढंच. ज्या मशिनात थ्रेशोल्ड ठेवण्याची सोयच नाही, त्यावर हे कण निसटून जातात. कचरा खूप असेल तर फक्त लोखंड गाळा, बाकी सगळं खणा. खाणीच्या सोन्यासाठी शक्यतो तेही गाळू नका, कारण लोहयुक्त मातीतला छोटा कण मशीनला पुष्कळदा लोखंड वाटतो.

## ६. ग्राउंड बॅलन्स आणि कॉइल

खाणीच्या सोन्यासाठी हाताने ग्राउंड बॅलन्स करता येईल असंच मशीन घ्या. कॉइल जमिनीवर वरखाली हलवायची आणि जमिनीचा आवाज नाहीसा होईपर्यंत जुळवणी करायची, एवढंच ते काम. काही मशिनांत सतत आपोआप जुळवणारं ट्रॅकिंग असतं. ते चालू ठेवून एकाच संशयित जागेवर कॉइल पुन्हा पुन्हा फिरवली, तर मशीन त्या बारीक कणालाही जमीन समजून दाबून टाकू शकतं. ट्रॅकिंग बंद करता येतं का, हे दुकानातच विचारा.

कॉइलबद्दल थोडक्यात: मोठी कॉइल खोल जाते आणि जास्त जागा व्यापते, पण बारीक सोनं तिला कमी कळतं आणि कचऱ्यात दोन वस्तू एक होऊन ऐकू येतात. सहा इंचांच्या आसपासची छोटी कॉइल बारीक कणांसाठी, खडकांच्या फटींसाठी आणि कचऱ्याच्या जागेसाठी. अकरा इंचांची मोकळ्या किनाऱ्यासाठी. डीडी प्रकारची कॉइल (आत इंग्रजी D आकाराची दोन वेटोळी असलेली) लोहयुक्त जमीन जास्त शांतपणे हाताळते. मशीनला वेगळी कॉइल बसते का आणि ती बाजारात मिळते का, हे आधी बघून घ्या.

## ७. पाणी आणि वजन

"वॉटरप्रूफ" हा शब्द वाचून थांबू नका. काही मशिनांची फक्त कॉइल पाण्यात चालते आणि वरच्या डब्यात पाणी शिरलं की मशीन गेलं. किती मीटर खोलीपर्यंत पूर्ण मशीन चालतं ते वाचा. इक्विनॉक्स ८०० तीन मीटरपर्यंत चालतं, कमरेएवढ्या पाण्यात शोधायला तेवढं पुरतं. खाऱ्या पाण्यातून आल्यावर दर वेळी गोड्या पाण्याने धुवायचं.

मशीन हातात धरून दहा मिनिटं झुलवून बघा. कॉइलकडे तोल जाणारं मशीन दोन तासांत कोपर दुखवतं.

## ८. सोबत लागणाऱ्या गोष्टी

- पिनपॉइंटर. हातात मावणारा छोटा शोधक. खड्ड्यात नेमकं कुठे आहे ते सांगतो. याच्याशिवाय अर्धा वेळ माती चिवडण्यात जातो.
- वाळूसाठी जाळीचा धातूचा स्कूप, लांब दांड्याचा. कठीण जमिनीसाठी छोटी कुदळ.
- खाणीच्या सोन्यासाठी प्लास्टिकचा स्कूप. धातूचा चालणार नाही.
- कुदळीच्या दांड्याला चिकटवायला मजबूत चुंबक.
- हेडफोन.
- झाकणाची छोटी कुपी आणि भिंग.
- कचऱ्यासाठी वेगळी पिशवी. खणलेला कचरा परत टाकायचा नाही.

प्लास्टिकचा स्कूप कशाला, ते सांगतो. सिग्नल मिळाला, वरची माती खरवडली, आवाज हलला. आता माती स्कूपमध्ये घ्या आणि कॉइलवरून फिरवा. वाजली नाही, तर वस्तू अजून खड्ड्यात आहे. वाजली, तर अर्धी माती तळहातावर ओता आणि दोन्ही भाग वेगवेगळे फिरवा. जो वाजतो तो ठेवायचा, दुसरा टाकायचा, आणि उरलेला पुन्हा अर्धा. शेवटी चिमूटभर माती राहते. ती कॉइलच्या पाठीवर टाकून बोटाने एकेक कण सरकवा. ज्या क्षणी मशीन ओरडतं, त्या क्षणी बोटाखाली आहे तेच. तळहाताची ही पद्धत वापरताना हातातली अंगठी आणि घड्याळ काढून ठेवलेलं असलं पाहिजे.

अंगावरचा धातू ही गंभीर बाब आहे. १८८१ साली अमेरिकेचे अध्यक्ष गारफील्ड यांना गोळी लागली, तेव्हा ती शोधायला अलेक्झांडर ग्रॅहम बेल स्वतः तयार केलेलं यंत्र घेऊन गेले होते. गोळी सापडली नाही, आणि पलंगातल्या धातूच्या स्प्रिंगांनी घोटाळा केला हे त्यामागचं एक कारण मानलं जातं. तुमच्या बुटातली लोखंडी टाच आणि खिशातला मोबाइल तेच करतात.

कागदपत्रं:

- जागेच्या मालकाची लेखी परवानगी, सरकारी जागा असेल तर संबंधित विभागाची.
- सोनं शोधण्याचा परवाना लागत असेल तर तो. व्हिक्टोरियात त्याला मायनर्स राइट म्हणतात. प्रत्येक ठिकाणचा नियम वेगळा, तो तुम्हीच तपासायचा.
- मशीनची पावती आणि वॉरंटी, सीरियल नंबरसह. प्रवासात चौकशी झाली तर उपयोगी पडते.

पुरातत्त्वीय जागेवर डिटेक्टर नेऊच नका. सापडलेल्या दागिन्यावर नाव, तारीख असेल तर तो मूळ माणसाला परत देण्याचा प्रयत्न करा. कुणाची लग्नातली अंगठी परत मिळते तेव्हा त्या माणसाच्या चेहऱ्यावर जे दिसतं, ते सोन्याच्या भावात मोजता येत नाही. पुरलेलं किंवा फार जुनं काही निघालं, तर खणणं थांबवून संबंधित यंत्रणेला कळवा.

## ९. या फसवणुकींपासून दूर राहा

"फक्त सोनं दाखवणारं मशीन." असं मशीन अस्तित्वात नाही. पाचव्या पायरीत कारण आलंच आहे.

दूरवरचं सोनं दाखवणारे फिरते अँटेना. हातात मूठ, पुढे मोकळी फिरणारी दांडी, आणि दावा असा की शेकडो मीटरवरचं सोनं दाखवते. एक पैसाही देऊ नका. अशाच मोकळ्या दांडीचं एडीई ६५१ नावाचं बनावट बॉम्बशोधक यंत्र इराकसह अनेक देशांना विकलं गेलं. त्याचं मूळ हरवलेले गोल्फचे चेंडू शोधण्याच्या खेळण्यात होतं. विक्रेता जेम्स मॅककॉर्मिक याला २०१३ साली ब्रिटनमध्ये दहा वर्षांची शिक्षा झाली.

खोलीचे अवाढव्य दावे. छोट्या वस्तूचा सिग्नल अंतराच्या साधारण सहाव्या घाताने घटतो. म्हणजे खोली दुप्पट झाली की सिग्नल सुमारे ६४ पटींनी क्षीण. दुप्पट ताकद दिली तरी खोली जेमतेम १२ टक्के वाढते. अंगठी कित्येक मीटर खोलातून दाखवण्याचा दावा कुणी केला, तर तिथून निघा. ऑस्ट्रेलियात १९८० साली सापडलेला २७ किलोंचा "हँड ऑफ फेथ" हा डिटेक्टरने मिळालेला प्रसिद्ध खडादेखील जमिनीखाली साधारण फूटभरच होता.

नकली मशीन. नामांकित कंपन्यांच्या महागड्या सोन्याच्या मशिनांच्या हुबेहूब नकला विकल्या जातात. सीरियल नंबर कंपनीकडे पडताळून घ्या. वापरलेलं मशीन घेताना कॉइलची वायर हलवत आवाज ऐका. वायर हलली की कर्कश होत असेल तर ती तुटत आली आहे. बॅटरीच्या कप्प्यात हिरवट गंज आहे का तेही बघा.

## १०. पैसे देण्याआधीची चाचणी

हवेत अंगठी फिरवून घेतलेली चाचणी जवळजवळ काहीच सांगत नाही, कारण त्यात जमीनच नसते. शिशाचे वेगवेगळ्या आकाराचे छर्रे प्लास्टिकच्या चकत्यांवर चिकटवा. शिसंही सोन्याच्या बारीक कणांसारखाच प्रतिसाद देतं, त्यामुळे सोनं न वापरता सराव होतो. सोबत एक पातळ अंगठी, एक साखळी, फॉइलचा चुरगळा आणि डब्याची कडी ठेवा. जिथे शोधणार आहात तिथली बादलीभर माती किंवा ओली वाळू नेता आली तर उत्तमच.

हे सगळं आधी ५ सेंटिमीटर, मग १० सेंटिमीटर मातीखाली ठेवा आणि विक्रेत्याला मशीन जुळवू द्या. नंतर सेटिंग पुसून तुम्ही स्वतः जुळवा. तुम्ही जुळवलेल्या मशिनावर सर्वात छोटा छर्रा ५ सेंटिमीटरवर ऐकू आला, तर खाणीच्या सोन्यासाठी मशीन कामाचं आहे. दागिन्यांसाठी अंगठी १० सेंटिमीटरवर दोन्ही दिशांनी एकसारखी वाजली पाहिजे. विक्रेत्याच्या हातात वाजलं पण तुमच्या हातात वाजलं नाही, तर तिथेच त्याच्याकडून पुन्हा शिकून घ्या, आणि तरीही जमलं नाही तर कमी बटणांचं मशीन मागा.